पाचव्या फेरीतला ठोसा

१

वस्तादांनी गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं, कॅमेरा बाहेर घेतला आणि त्याचं इवलंसं झाकण नखाने उचकटलं. मग ते नुसतेच त्या रिकाम्या खाचेकडे बघत राहिले.

"कार्ड नाही," ते म्हणाले.

शनिवारची सकाळ होती. किताबाची लढत सोळा दिवसांवर आली होती. तालमीची खोली एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालची यंत्रं सुरू झाली की वरची फरशी थरथरायची आणि टांगलेल्या वाळूच्या पिशव्या आपोआप डुलायला लागायच्या. त्या क्षणी तेवढाच आवाज खोलीत होता.

"नीट बघा, वस्ताद. खाली पडलं असेल," ताई म्हणाली. किताबासाठी लढणाऱ्या मुष्टियोद्ध्याची ही थोरली बहीण. त्याचे करार, तारखा, पत्रकार, सगळं तीच बघायची.

"तीन वेळा पाहिलं. कुलूप शाबूत आहे. किल्ली एकच, ती अंघोळीलासुद्धा माझ्या गळ्यात असते."

त्या कार्डावर गुरुवारच्या सरावाच्या सहा फेऱ्या होत्या. पहिल्या चार वस्तादांनी रिंगजवळ उभं राहून पाहिल्या होत्या. मग आयोजकाचा फोन आला आणि ते ताईबरोबर आतल्या ऑफिसात गेले. शेवटच्या दोन फेऱ्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. शुक्रवारी सुट्टी होती. आज सकाळी त्या दोन फेऱ्या बघू, असं त्यांनी ठरवलं होतं.

ताईचा चेहरा उतरला. "तोफेच्या लोकांकडे गेलं असणार. ते कार्ड ज्याच्या हातात, माझा भाऊ त्याच्या हातात."

तोफ म्हणजे सध्याचा किताबधारक. त्याला आव्हान देणारा ताईचा भाऊ सगळीकडे 'घड्याळ' या नावाने ओळखला जायचा. त्याचा डाव्या हाताचा सरळ ठोसा असा एका लयीत पडायचा, की प्रेक्षक त्यावर टाळ्या धरायचे. तो कोपऱ्यातल्या बाकावर बसून हाताला पट्ट्या गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

एवढ्यात त्याचा सराव-जोडीदार आत आला. त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे. "भिंत आली म्हणायचं की भिंत आला?" हा तालमीतला जुना विनोद होता, आणि त्यावर सगळ्यात जास्त तो स्वतःच हसायचा. आज मात्र तो पिशवी उलटीसुलटी करत होता.

"माझे ग्लोव्हज कुणी पाहिलेत का? इथे खुंटीला ठेवले होते."

"इथे आभाळ कोसळलंय आणि तुला ग्लोव्हजची पडलीय!" वस्ताद खेकसले.

"दोन्ही गोष्टींची पडायला हवी, वस्ताद," दारातून आवाज आला.

दारात बासष्ट वर्षांच्या, काटकुळ्या, आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. पायात कापडी बूट, गळ्यात स्टॉपवॉच, काखेत वही. सत्तावीस वर्षं त्यांनी रिंगच्या कडेला बसून गुण दिले होते, म्हणून सगळे त्यांना पंचबाई म्हणायचे. निवृत्तीनंतर त्या मुष्टियोद्ध्यांचं मूल्यमापन करायच्या: कोण कसा लढतो, कुठे पक्का, कुठे कच्चा. ताईने त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. तोफेला आपल्या भावात जे दिसेल ते आधी आपल्याला कळावं, म्हणून.

"कार्ड चोरणारा चोर मला समजतो," पंचबाई म्हणाल्या. "पण कार्डाबरोबर सराव-जोडीदाराचे ग्लोव्हज पळवणारा चोर मी अजून पाहिलेला नाही. तो मला पाहायचाच आहे."

२

त्यांनी ऑफिसातली एक खुर्ची खिडकीपाशी ओढली, समोर दुसरी ठेवली आणि एकेकाला आत बोलावलं.

वस्ताद आधी आले. "बाई, सरळ सांगतो. भिंत तीन वर्षांपूर्वी तोफेच्या तालमीत होता. तिथे त्याचे मित्र आहेत. याहून जास्त मी काही बोलणार नाही."

"बोललात की सगळं. आता मला गुरुवारचं सांगा. फोन संपवून बाहेर आलात तेव्हा काय दिसलं?"

"दोघं पोरं बाकावर बसली होती. सहावी फेरी नुकतीच संपली होती. आपले पट्टीकाका त्यांची तोंडं पुसत होते. मी कॅमेरा बंद करून उचलला, कपाटात टाकला, कुलूप लावलं."

"पोरांच्या हातात ग्लोव्हज होते?"

"होते ना. ग्लोव्हजवरच्या पट्ट्या काका नंतर कापतात. कपाट लावून वळलो तेव्हा त्यांनी कात्री हातात घेतली."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली.

ताई आली ती उभीच राहिली. "फोनवर आम्ही दोघं होतो, सगळा वेळ. स्पीकर लावला होता. वस्ताद एकदाही उठले नाहीत. पण एक सांगते. या लढतीनंतर मी भावासाठी दुसरा शिक्षक बघतेय, आणि ते वस्तादांना कळलंय."

"म्हणजे वस्ताद भिंतीकडे बोट दाखवतात आणि तू वस्तादांकडे."

"मग दाखवू नको?"

"दाखव. पण ज्या माणसाबरोबर तू अख्खा वेळ बसली होतीस, त्याच्याकडे दाखवू नकोस. तूच त्याची साक्षीदार आहेस."

ताईने ओठ आवळले, पण बसली.

मग पट्टीकाका आले. साठीचा, गोल चेहऱ्याचा, हलक्या हाताचा माणूस. मुठींना पट्ट्या बांधणं, भुवईवरची जखम मिनिटभरात बंद करणं, बर्फ, पाणी, टॉवेल, सगळं त्यांच्याकडे. सरावाच्या वेळी घंटाही तेच द्यायचे.

"काका, शेवटच्या दोन फेऱ्या तुम्ही पाहिल्यात?"

"पाहिल्या की. विशेष काही नाही, बाई. हा मारतोय, तो अडवतोय, नेहमीचंच. घंटा वेळच्या वेळी दिली, पाणी दिलं, झालं."

"कार्ड कुणी घेतलं असेल?"

"आजकाल कुणाचा भरवसा द्यायचा?" काकांनी खांद्यावरच्या टॉवेलची घडी मोडली, परत घातली. "पोरं गुणी आहेत हो दोन्ही. त्यांना उगाच त्रास देऊ नका. आज भिंतीला सोडाच. त्याचा खांदा दुखतोय. त्याला घरी पाठवा."

भिंत आला आणि बसण्याआधी त्याने खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. "ऊन डोळ्यावर येतं," तो म्हणाला.

"खांदा कसा आहे?"

"खांदा?" तो चकित झाला. "खांद्याला काय झालंय?"

"काही नाही. गुरुवारचा सराव कसा झाला?"

"मस्त. पाचही फेऱ्या घड्याळ जोरात होता. शेवटी तर मला श्वास घेऊ देत नव्हता."

"पाच?"

"पाच," तो ठामपणे म्हणाला आणि दोन बोटांनी नाकाचं मूळ दाबलं. "बाई, वस्तादांना माझा संशय आहे ना? मला कळतं. तोफेकडे मी चार महिने मार खाल्ला, पैसे घेतले, निघून आलो. इथे तीन वर्षं आहे. इथे मला माणूस म्हणून वागवतात. लढतीच्या दिवशी माझीही एक लहान लढत आहे, सुरुवातीला. सहा वर्षांत पहिली. बायकोने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय."

बाईंनी मान हलवली. वहीत त्यांनी लिहिलं: *सगळे म्हणतात सहा, हा म्हणतो पाच. खोटं बोलायचं तर इतकं सहज पकडलं जाणारं का बोलावं?*

शेवटी घड्याळ आला. बाईंनी जे जे विचारलं त्याला त्याने "हो", "नाही", "ठाऊक नाही" एवढंच उत्तर दिलं. फक्त उठताना तो म्हणाला, "बाई, माणसाचा अंदाज एकदम चुकायला लागतो का हो? एका दिवसात?"

"कसला अंदाज?"

तो दार ओढून बाहेर गेला.

पंचबाईंनी वही मिटली. बाहेर येऊन त्या वस्तादांना म्हणाल्या, "कार्डावर काय होतं हे कळल्याशिवाय ते कुणी घेतलं हे कळणार नाही. कार्ड नाही, पण कार्डावरची माणसं इथेच आहेत. दोघांना रिंगमध्ये उतरवा. भिंतीला दुसरे ग्लोव्हज द्या. तीन फेऱ्या."

काकांच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं.

३

पंचबाई रिंगच्या कडेला त्यांच्या सवयीच्या जागी बसल्या, हनुवटी दोरीच्या उंचीला येईल अशा. मांडीवर दोन वह्या होत्या, एक नवी आणि एक जुनी. जुन्या वहीत घड्याळच्या अकरा लढती होत्या.

त्या लढतींबद्दल त्यांनी लिहिलं होतं: *डावा सरळ ठोसा उत्तम, परत हनुवटीपाशी येतो. पायांचं काम नीटनेटकं. उजवा हात जड, पण कंजूषपणे वापरतो. विशेष: फेरीची वेळ याच्या अंगात आहे. तीन मिनिटांच्या फेरीत दोन मिनिटं पन्नास सेकंदांना पाच-सहा ठोशांची सर सोडतो, मागे सरतो, आणि घंटा होते. अकरा लढतींत दोन सेकंदांपेक्षा जास्त चूक नाही.*

घंटा झाली.

डावा ठोसा पडू लागला. टक्, टक्, टक्. भिंतीची ढब वेगळी होती. दोन्ही हात उंच, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, डावा खांदा वर आणि जबडा त्याच्या आड. हात जवळजवळ उगारायचाच नाही, फक्त अडवायचं. त्याच्या कपाळावर आणि दंडांवर जुने वण होते. जबड्यावर एकही नव्हता. तिथवर कुणी पोचतच नव्हतं.

आज मात्र त्याचा हात प्रत्येक वेळी पापणी लवावी इतक्या उशिराने वर येत होता. डावं पाऊल फरशीवरून किंचित घासत होतं.

आणि मग घड्याळने सर सोडली. सहा ठोसे. बाईंनी स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि परत पाहिलं. दोन मिनिटं एकोणतीस सेकंद.

सर संपल्यावर घड्याळने मान वळवून घंटेकडे पाहिलं. लढतीत त्याने असं कधी केलेलं नव्हतं. उरलेलं अर्धं मिनिट तो नुसता गोल फिरत राहिला, हात धड वर नाहीत, धड खाली नाहीत. पोराचं काहीतरी बिनसलं होतं, आणि जे बिनसलं होतं ते हातापायात नव्हतं.

घंटा झाली. भिंत वळला आणि शांतपणे घड्याळच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"अरे, तिकडे!" वस्ताद हसले. भिंतही हसला, उठला, आपल्या कोपऱ्यात गेला. काकांनी त्याच्या शिरस्त्राणाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. तेवढ्यात पंचबाईंना त्याखाली डाव्या जबड्यावर, कानाच्या जरा खाली, निळसर-पिवळा डाग दिसला. दोन दिवसांचा.

त्यांनी तो वहीत टिपला. *डावा जबडा. इथे कसा बसला?* घंटा झाली, दोघं पुन्हा मध्ये आले, पहिला डावा ठोसा निघाला, आणि बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

उन्हाकडे पाठ. सहाच्या पाच फेऱ्या. चुकीचा कोपरा. घासणारं पाऊल.

"थांबवा!" त्या ओरडल्या. घड्याळचा उजवा खांदा मागे गेला होता. बासष्ट वर्षांच्या बाई दोऱ्यांतून वाकून आत शिरल्या आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. निघालेला ठोसा त्यांच्या कानाजवळून गेला.

"बाई! लागलं असतं ना!" घड्याळ किंचाळला.

"मला लागलं असतं तर परवडलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांनी भिंतीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. एका डोळ्याची बाहुली बारीक होती, दुसऱ्याची मोठी. "ताई, गाडी काढ. याला इस्पितळात ने. आत्ता. मेंदूला मार लागलाय म्हणून सांग. ग्लोव्हज गाडीत काढ."

"मी बरा आहे, बाई," भिंत म्हणाला.

"माहीत आहे, बाळा. तरी जा."

४

गाडी जाऊन तास होत आला तेव्हा बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि त्या रिंगच्या पायरीवर बसल्या.

"आधी माझी चूक सांगते," त्या म्हणाल्या. "मी त्याला रिंगमध्ये उतरवलं. तो खोटं बोलतोय असं मला वाटलं होतं. पाच फेऱ्या म्हणाला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. त्याला सहावी आठवतच नाही." त्यांनी वर पाहिलं. "घड्याळ, गुरुवारी तो पडला होता ना?"

घड्याळने वस्तादांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"पडला होता. पाचव्या फेरीत. तीनचार सेकंद त्याचे डोळे उघडे होते आणि तो त्यांच्या मागे नव्हता. मग उठला. म्हणाला, वस्तादांना सांगू नकोस, मला घरी पाठवतील, माझी लढत जाईल. मी शब्द दिला. सहावी फेरी मी नुसता नाचलो, हात लावला नाही त्याला."

"ज्याला तू शब्द दिलास त्याला ते आठवतही नाही," बाई म्हणाल्या. "आज त्याच्यावर हात कसा उचललास?"

"दोन दिवस गेले होते. तो हसत होता. मला वाटलं बरा झाला." तो म्हणाला. "आणि बाई, मी त्याला नियमाबाहेर मारलेलं नाही. शपथ घेतो. घंटा झाली नव्हती."

"अरे, पण जबड्यावर?" वस्ताद मध्येच म्हणाले. "तीन वर्षांत कुणाला त्याचा जबडा सापडला नाही, आणि तुला सापडला?"

"तोच प्रश्न आहे, वस्ताद," पंचबाई उठल्या. "भिंत हात कधी खाली घेतो? मी त्याला आज एकच फेरी पाहिला, पण तुम्ही तीन वर्षं पाहताय. सांगा."

"फेरी संपल्यावर. त्याआधी कधीच नाही."

"म्हणजे ठोसा बसला तेव्हा फेरी संपली आहे असं त्याला वाटत होतं. का वाटलं? कारण घड्याळची सर संपली होती. तीन वर्षं तो हेच बघतोय: सर आली, सर संपली, घंटा झाली. त्याने हात खाली घेतले. आता घड्याळ म्हणतो, घंटा झाली नव्हती. हा खरं बोलत असेल तर काय झालं?"

खालची यंत्रं थांबली होती.

"माझा अंदाज चुकला," घड्याळ हळूच म्हणाला. "मी सर फार लवकर सोडली. मग घंटा होईचना, म्हणून मी उजवा टाकला. मला वाटलं, तो वर हात घेऊनच असणार. माझ्या चुकीमुळे झालं, बाई. तेव्हापासून मला कळतच नाही फेरी किती राहिली."

"म्हणून आज वीस सेकंद आधीच सर सोडलीस." बाईंनी जुनी वही त्याच्यासमोर धरली. "हे बघ. अकरा लढती, चौऱ्याहत्तर फेऱ्या. तुझी वेळ दोन सेकंदांपेक्षा जास्त कधी चुकलेली नाही. तुझ्या सरावातल्या पाचव्या फेरीतही चुकली नसणार. तुझं गणित बरोबर होतं. घंटा चुकली."

घड्याळने वही हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली.

"आता कार्ड," बाई म्हणाल्या. "कुलूप शाबूत आणि किल्ली एकच, म्हणजे कार्ड कुलूप लागण्याआधीच निघालं होतं. कॅमेऱ्याचं झाकण नखाने उघडावं लागतं. वस्तादांनी कॅमेरा कुलपात टाकला तेव्हा दोन्ही पोरांच्या हातात ग्लोव्हज होते. ते गेले. वस्ताद आणि ताई एकमेकांसमोर बसून फोनवर बोलत होते. तेही गेले. तोफेला विकायला कार्ड नेणारा माणूस भिंतीचे ग्लोव्हज लपवत नाही. ग्लोव्हज तो लपवतो ज्याला भिंतीने आज रिंगमध्ये उतरू नये असं वाटतं. भिंतीचा न दुखणारा खांदाही त्यालाच दुखताना दिसतो. आणि एक गोष्ट. मी कुणालाही घंटेबद्दल विचारलं नव्हतं. एकाने मात्र न विचारता सांगितलं की घंटा वेळच्या वेळी दिली."

ऑफिसातला फोन वाजला. वस्तादांनी धावत जाऊन घेतला, ऐकला, आणि रिसीव्हर हातात तसाच धरून दारात आले.

"ताई आहे. डोक्यात रक्त साकळलंय. ऑपरेशनला घेतायत."

पट्टीकाका कपाटाला टेकून खाली बसले.

५

"बर्फ चिकटला होता," काका म्हणाले. कुणीही त्यांना काही विचारलं नव्हतं. "पाचवी फेरी चालू होती. मध्यंतराला बर्फ लागणार, म्हणून मागच्या खोलीत गेलो. म्हटलं अर्ध्या मिनिटाचं काम. डब्यात सगळा एकच गोळा झालेला. मी तो फोडत बसलो. मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा पन्नास सेकंद वर झाले होते. धावत आलो, घंटा मारली, तर पोरगा एका गुडघ्यावरून उठत होता."

"आणि कार्डावर वेळ दिसते," वस्ताद म्हणाले.

"कोपऱ्यात आकडे असतात ना. चाळीस वर्षं मी घंटा देतोय, वस्ताद. एकदा कार्ड खिशात टाकलं, मग काय बोलू ते सुचेना. शुक्रवारी त्याच्या घरी गेलो. तो हसत होता, जेवत होता. वाटलं, टळलं. तरी ग्लोव्हज लपवले. आज तो उतरला तेव्हा माझी जीभच उचलेना." त्यांनी पाकिटातून नखाएवढं काळं कार्ड काढून पायरीवर ठेवलं. "एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं."

"हो," पंचबाई म्हणाल्या. "पुरे होतं. आता उठा. इस्पितळात चला. डॉक्टरांना ते कार्ड दाखवायचंय, ठोसा कसा बसला, किती वेळ शुद्ध नव्हती, सगळं त्यांना उपयोगी पडेल. आणि तिथे त्याची बायको असेल. तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

६

भिंत वाचला. शल्यविशारद बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक ठोसा बसला असता तर त्या काही करू शकल्या नसत्या. आणि हेही सांगितलं की तो यापुढे कधीही लढणार नाही.

काकांनी इस्पितळाच्या जिन्यात भिंतीच्या बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "त्याला काही आठवत नाही, म्हणून तो तुम्हाला माफ करेल. मला मात्र आठवणार आहे, काका." काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मुष्टियुद्ध मंडळाला पत्र लिहून आपला परवाना परत केला. महिनाभर ते रोज इस्पितळात जाऊन खोलीबाहेरच्या बाकावर बसत होते. तिसऱ्या आठवड्यात तिने त्यांना चहा दिला. बोलली मात्र नाही.

लढत ताईने पुढे ढकलली. आयोजक भडकला, तोफेच्या लोकांनी पत्रकारांना बोलावून टर उडवली. "घाबरला म्हणतायत," वस्ताद धुमसत म्हणाले.

"म्हणू देत," ताई म्हणाली. "दोन महिन्यांनी बघू कोण काय म्हणतंय. आणि वस्ताद, दुसरा शिक्षक मी शोधत नाहीये. तुम्हीच हवेत. फक्त सरावाच्या वेळी फोन आला तर मी एकटी घेईन."

पंचबाईंनी आपला अहवाल दिला. घड्याळवर आठ पानं होती. त्याखाली, कुणी न मागता, आणखी दोन पानं जोडली होती. त्यांत भिंतीबद्दल लिहिलं होतं. *बचाव: मी पाहिलेल्यांत सर्वोत्तम. हा ठोसा अडवतो, कारण तो निघण्याआधी याला दिसतो. हे शिकवता येतं की नाही ते मला ठाऊक नाही. शिकवता येत असेल तर याच्याकडून शिकून घ्या.*

दोन महिन्यांनी लढत झाली तेव्हा भिंत घड्याळच्या कोपऱ्यात होता. डोक्यावर टोपी, हातात टॉवेल. पहिल्या सहा फेऱ्या तोफेच्या होत्या असं म्हणावं लागेल. त्याचा डावा हूक तीनदा बसला आणि घड्याळची भुवई सुजली. सहाव्या फेरीनंतर वस्ताद पायांबद्दल काहीतरी ओरडत होते. भिंतीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"त्याचा हूक बघू नकोस," तो घड्याळच्या कानाशी म्हणाला. "बघून उशीर होतो. त्याची उजवी टाच बघ. हूक मारायच्या आधी ती जराशी उचलतो आणि परत टेकवतो. टेकवली की तू आत शीर, सरळ उजवा टाक. आणि घाबरू नको, तुझी वेळ चुकत नाही."

सातव्या फेरीत घड्याळने दोनदा नुसतं पाहिलं. आठव्या फेरीत टाच टेकली आणि तो आत शिरला. तोफ गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा खाली गेला. पंचांनी दहा मोजले. वस्ताद दोऱ्यांवरून ताईला मिठी मारायला गेले आणि बादलीत पाय घालून पडले.

कपडे बदलायच्या खोलीत गर्दी मावत नव्हती. पत्रकार घड्याळभोवती होते. भिंतीची बायको दाराशी पर्स घेऊन उभी होती. डॉक्टरांनी त्याला दगदग करू नको म्हणून बजावलं होतं आणि ती आज ते विसरणार नव्हती. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरून तोफ आत आला होता. तो सगळ्यांना ओलांडून सरळ भिंतीसमोर येऊन उभा राहिला.

"सहाव्यानंतर तू त्याला काहीतरी सांगितलंस. मी पाहिलं. काय सांगितलंस?"

भिंतीने त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"गाडी खाली थांबलीय," ती म्हणाली.

"पाच मिनिटं दे," तो म्हणाला आणि बाकावर सरकून त्याने तोफेला जागा केली. "बस. बूट काढ. उजवा."